भय, जुगुप्सा आणि ‘तुंबाड’



भयपटाविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आढळतात. एका पक्षाला त्यात केवळ रक्तपात दिसतो. दुसरा पक्ष छायाचित्रणावर लुब्ध होऊन कथेविषयी प्रश्नच विचारत नाही. राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटाचे स्वागत असेच संमिश्र झाले. २०१८ साली व्हेनिस येथील समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ त्याने झाला. मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये येथे प्रदर्शित झाल्यावर प्रतिसाद बेताचाच मिळाला. २०२४ मध्ये पुनःप्रदर्शित झाल्यावर त्याने पहिल्या खेपेपेक्षा अधिक कमाई केली.

त्याचे मूल्यमापन कसे करावे? येथे रसविचार उपयोगी पडतो. भरताने भयानक आणि बीभत्स हे रस वेगळे मानले. पहिल्याचा स्थायिभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. निव्वळ जखमा दाखवणारा चित्रपट जुगुप्सेपाशीच थांबतो. ‘तुंबाड’मध्येही किळस येते, आजीच्या देहातून उगवलेले झाड आठवा. परंतु मरण न येणे हीच तेथे शिक्षा आहे, आणि ती पाहूनही विनायक मोहरांसाठी पुनःपुन्हा वाड्यात उतरतो; पुढे मुलालाही तीच वाट शिकवतो. लोभाचा हा वारसा खऱ्या भयाचा विषय ठरतो. म्हणून येथील शैली मला अर्थपूर्ण वाटते.

तरीही एक आक्षेप उरतो. १९१८ च्या कोकणातील कुटुंब हिंदी बोलते. या चित्रपटामागे नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा आहे, आणि नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ची आठवण देते. सामग्री मराठी, भाषा मात्र परकी! याचा दोष केवळ चित्रपटसृष्टीवर ढकलता येणार नाही. धारपांसारख्या लेखकाला ‘रंजनपर’ ठरवून आपण अभ्यासकांनीच समीक्षेच्या उंबऱ्याबाहेर ठेवले.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात शेतात जागलीला गेलेल्या माणसांना चकवा लागल्याच्या गोष्टी आजही घरोघरी सांगितल्या जातात. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांकडून अशी एक गोष्ट त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. तिच्यात भय कोठे आहे, जुगुप्सा कोठे आहे, आणि त्या भयातून ऐकणाऱ्याला कशापासून सावध केले आहे, याचा शोध घ्या. भयपटाचे गुणदोष पारखण्याची दृष्टी त्यातूनच येईल. आणि ही गोष्ट उद्या दुसऱ्या कोणी दुसऱ्या भाषेत सांगण्यापूर्वी ती मराठीत नोंदली गेलेली असेल.