ब्रेक्झिटचा कौल : प्रश्न एक, उत्तरे अनेक

युरोपीय संघात राहावे की त्यातून बाहेर पडावे, ह्या प्रश्नावर २३ जून २०१६ रोजी ब्रिटनच्या मतदारांनी आपला कौल दिला. त्यानंतर पंतप्रधान आले आणि गेले, ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन औपचारिकरीत्या संघाबाहेर पडले, तरीही सामान्य माणसाने त्या दिवशी असे मत का दिले, हा वाद काही शमत नाही. आपल्याकडे ह्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी म्हणते, अजाण जनतेला पुढाऱ्यांनी फसविले. कोणी म्हणते, एका स्वाभिमानी राष्ट्राने परकीय जोखड झुगारून दिले. आम्हांला ही दोन्ही उत्तरे आळसाची वाटतात.

आकडे सर्वपरिचित आहेत. ७२ टक्के मतदान झाले; बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के आणि राहण्याच्या बाजूने ४८.१ टक्के मते पडली. इंग्लंड व वेल्सने बाहेरची वाट धरली. स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी व उत्तर आयर्लंडने सुमारे ५६ टक्क्यांनी राहण्याचा कौल दिला. वृद्धांचा कल एकीकडे, तरुणांचा दुसरीकडे. म्हणजे घराघरांत आजोबा आणि नात समोरासमोर उभे राहिले.

ह्याच मतदारांच्या आधीच्या पिढीने १९७५ साली ६७ टक्क्यांनी तत्कालीन युरोपीय समुदायात राहण्याचा निर्णय दिला होता. तेव्हा विषय मुख्यतः बाजारपेठेचा होता. पुढे १९९२ च्या मास्ट्रिख्ट कराराने बाजारपेठेचे रूपांतर राजकीय संघात झाले, २००४ साली दहा नवी राष्ट्रे आत आली, आणि ब्रिटनच्या मतदाराला ह्यांपैकी कशावरही कोणी थेट विचारले नाही. त्याची पहिली तक्रार हीच होती, आणि ती खोटी नव्हती. २००४ नंतर पोलंडसारख्या देशांतून वर्षाकाठी फार तर तेरा हजार लोक येतील, असा अंदाज शासनासाठी केलेल्या अभ्यासात वर्तविला गेला होता. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट आले. ह्या पोलिश कुटुंबांमुळे इंग्लंडमधील अनेक कॅथलिक चर्चमधली रिकामी बाके पुन्हा भरली, ही आपल्या दृष्टीने आनंदाची गोष्ट. परंतु लिंकनशायरमधील बोस्टनसारख्या लहानशा शेतीप्रधान गावात शाळा, दवाखाने आणि भाड्याची घरे तेवढीच राहिली व माणसे वाढली. त्या बोस्टनने ७५ टक्क्यांहून अधिक मतांनी बाहेर पडण्याचा कौल दिला.

प्रचाराविषयी फार लिहिण्यासारखे नाही. एका बाजूने लाल बसगाडीवर लिहिले होते की आपण दर आठवड्याला ३५ कोटी पौंड संघाला देतो. त्यात थॅचरबाईंनी १९८४ साली मिळविलेली सूट वजा केलेली नव्हती, आणि हा आकडा दिशाभूल करणारा आहे असे देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाने बजावूनही तो बसगाडीवरून उतरला नाही. दुसऱ्या बाजूने अर्थखात्याने प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ४,३०० पौंडांचा फटका बसेल असे सांगितले आणि तात्काळ मंदीची भीती घातली; ती मंदी तेव्हा आली नाही. मतदानाच्या आठवडाभर आधी, १६ जून रोजी, खासदार जो कॉक्स ह्यांची भर रस्त्यात हत्या झाली. वादाने कोणती पातळी गाठली होती, हे ह्यावरून कळावे.

सामान्य मतदार एकमेकांशी जे बोलत होते, ते मात्र पुढाऱ्यांच्या भाषणांहून अधिक खोल होते. सुंदरलँडचे उदाहरण घ्या. तेथे निस्सानचा प्रचंड मोटारकारखाना आहे आणि त्याच्या उत्पादनाचा मोठा हिस्सा युरोपात विकला जातो. तरीही त्या शहराने ६१ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने दिली. ह्याला केवळ अज्ञान म्हणणे आम्हांला पटत नाही. जहाजबांधणी गेली, खाणी गेल्या, मुले लंडनला निघून गेली. अशा गावातील माणसाला 'अर्थव्यवस्थेचे नुकसान होईल' असे सांगितले, तर तो विचारणारच की ही अर्थव्यवस्था नेमकी कोणाची?

येथे एक गोष्ट आपल्या वाचकांना विशेष जिव्हाळ्याची वाटेल. जे काम कुटुंब, गाव वा लहान संस्था स्वतः करू शकते, ते वरच्या सत्तेने हिरावून घेऊ नये, हे तत्त्व पोप अकरावे पायस ह्यांनी १९३१ सालच्या आपल्या परिपत्रात मांडले होते. मास्ट्रिख्ट कराराने हेच तत्त्व संघाच्या कायद्यात घातले. 'आमचे कायदे ब्रसेल्समध्ये का व्हावेत?' असे विचारणारा मतदार, त्याला ठाऊक असो वा नसो, कॅथलिक सामाजिक शिकवणुकीतला एक धागा हाती धरून होता. पण त्याच शिकवणुकीचा दुसरा धागा परस्पर ऐक्यभावाचा आहे. रॉबर्ट शुमन, कॉनराड आडेनाउर आणि आल्चिदे दे गास्पेरी हे तिघेही श्रद्धावान कॅथलिक होते. दोन महायुद्धांच्या राखेतून त्यांनी युरोपच्या ऐक्याची उभारणी केली, ती पुन्हा युद्ध होऊ नये म्हणून. शुमन ह्यांना पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२१ साली 'आदरणीय' घोषित केले. इंग्लंड-वेल्सच्या बिशपांनी अमुक बाजूला मत द्या असे सांगितले नाही. प्रार्थनापूर्वक विचार करा एवढेच सांगितले. आम्हांला ते योग्य वाटते, कारण शिकवण एकच असली तरी तिचे दोन धागे येथे विरुद्ध दिशांना ओढले जात होते.

उत्तर आयर्लंडमध्ये तर हा प्रश्न जिवावरचा होता. १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर सुमारे ५०० किलोमीटरच्या सीमेवरील चौक्या हळूहळू नाहीशा झाल्या होत्या. दोन्ही बाजू एकाच संघात असल्यामुळे ते सोपे झाले. बाहेर पडायचे तर सीमा कोठेतरी आखावीच लागणार. ती अखेर समुद्रात आखली गेली, आणि २०२३ च्या विंडसर आराखड्यापर्यंत तिची डागडुजी चालू राहिली. इंग्लंडमधील प्रचारात ह्याची चर्चा किती अल्प झाली, ह्याचे आजही नवल वाटते.

आता आपल्या माणसांकडे वळू. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण वा दीव येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळविता येते. (वसईकरांना ही सोय नाही, वसई पोर्तुगीजांच्या हातून १७३९ सालीच गेली.) ह्या मार्गाने हजारो गोवेकर युरोपीय नागरिक होऊन ब्रिटनमध्ये गेले, स्विंडन शहरात तर त्यांची मोठी वस्तीच झाली. गोदामांत, कारखान्यांत, वृद्धाश्रमांत रात्रपाळ्या करून त्यांनी घरे उभी केली. स्विंडनने जवळपास ५५ टक्क्यांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. परंतु ह्या गोवेकरांना मतच नव्हते! मताचा अधिकार ब्रिटिश, आयरिश आणि राष्ट्रकुलातील देशांच्या तेथे राहणाऱ्या नागरिकांना होता. म्हणजे शेजारच्या घरातला भारतीय पासपोर्टधारक मत देऊ शकत होता. आणि ज्याने युरोपचे दार उघडावे म्हणून भारतीय नागरिकत्व सोडले, तो मात्र आपल्याच भवितव्याचा प्रेक्षक ठरला. त्यांच्यापैकी कित्येकांच्या आजी-आजोबांनी १६ जानेवारी १९६७ रोजी, गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा ह्यावर, रांगेत उभे राहून मत दिले होते. ३४ हजार मतांच्या फरकाने विलीनीकरण फेटाळले गेले. तेव्हाही गोव्याबाहेर राहणाऱ्या गोवेकरांना मतदान नाकारण्यात आले होते, आणि त्याची सल मुंबईच्या गोवेकरांत होती. कोणत्याही सार्वमतात 'आपण कोण' हे मतदारयादीच आधी ठरवून टाकते.

जे ३१ डिसेंबर २०२० पूर्वी ब्रिटनमध्ये स्थायिक झाले होते, त्यांचे हक्क कराराने टिकले. ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करावयाचा होता. ज्यांनी तो वेळेत केला, त्यांचे बरे झाले. २०२१ च्या आरंभापासून मात्र पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन तेथे नोकरीस जाणाऱ्याला इतर परदेशीयांप्रमाणेच व्हिसा लागतो. त्याच वर्षी जुलैत स्विंडनचा होंडा कारखानाही बंद झाला. कंपनीने त्याचे कारण ब्रेक्झिट नसून जागतिक बदल असल्याचे सांगितले.

आणि स्थलांतर? युरोपातून येणारे घटले, पण भारत, नायजेरिया आदी देशांतून येणारे इतके वाढले की २०२३ साली निव्वळ स्थलांतर नऊ लाखांच्या घरात गेले. जनमत चाचण्यांत आता बहुसंख्य ब्रिटिश नागरिक बाहेर पडणे चुकले असे म्हणतात, तरी पुन्हा आत जाण्याचा विषय काढण्यास मोठे पक्ष कचरतात. मे २०२५ मध्ये लंडनला झालेल्या बैठकीत ब्रिटन व संघ ह्यांनी तरुणांना एकमेकांकडे काही काळ राहून काम वा शिक्षण करता यावे अशा योजनेवर वाटाघाटी करण्याचे मान्य केले. ती योजना कोणत्या अटींवर आणि किती जणांसाठी असेल, ह्यावर मडगाव-म्हापशाच्या कित्येक घरांतील पोर्तुगीज पासपोर्ट बाळगणाऱ्या मुलामुलींचे पुढचे बेत अवलंबून राहतील.