लेबल नसलेली गिटार



आजचा विषय पाहून घरातले म्हणतील, आता हिला गिटारमधलं काय कळतं! कबूल. माझं शिक्षण मराठी माध्यमातून बी.ए., नोकरी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवण्याची, आणि वाद्य म्हणाल तर घरात एक मिरजेचा तंबोरा. पण गेले दोन महिने मी एका जुन्या गिटारीच्या मागे आहे, आणि त्यातून माझं एक ठाम मत झालं आहे. नाव नसलेल्या वस्तूला 'कवडीमोल' म्हणणारा आणि 'अमूल्य' म्हणणारा, दोघेही आळशी. दोघांनाही वस्तूकडे बघायचंच नसतं.

तर झालं असं. आमच्या शेजारी एक गोव्याच्या मावशी राहतात. त्यांचे यजमान बोटीवर होते (गोव्याकडे अशांना तारवटी म्हणतात). ते जाऊन बरीच वर्षं झाली. मावशी आता बहिणीकडे गोव्याला कायमच्या निघाल्या आहेत, घर आवरायचं आहे आणि गुडघ्याच्या ऑपरेशनला पैसे हवे आहेत. यजमानांची गिटार माळ्यावर होती. साधी, नायलॉनच्या तारांची, जिला क्लासिकल गिटार म्हणतात ती. "सत्तरच्या आसपास कुठल्याशा बंदरात घेतली, ते स्पेनची म्हणायचे," एवढंच मावशींना आठवतं. आत लेबल नाही.

एका दुकानदारानं ती हातात घेतली, भोकातून आत डोकावला आणि म्हणाला, "लेबल नाही, म्हणजे नुसतं लाकूड. अडीच हजार देतो." वर हेही म्हणाला की हवं तर एक स्पॅनिश लेबल छापून चिकटवून देतो, मग बघा गिऱ्हाईक कसं येतं! उलट माझ्या अमेरिकेतल्या पुतण्यानं फोटो पाहून कळवलं, "काकू, ही महायुद्धाच्या आधीची स्पॅनिश असणार, दीड लाखाच्या खाली देऊ नका." आणि तिसरी गोष्ट म्हणजे माझी नात. ती दोन वर्षं गिटार शिकते आहे आणि तिला हीच हवी आहे.

म्हणजे बघा, मावशींनी सल्ला विचारला मला, आणि घेणारी माझ्याच घरातली. किंमत जितकी कमी तितका फायदा आमचा. म्हणूनच मी हे सगळं इतकं मन लावून केलं.

आधी लेबलाविषयी. 'नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा' ही म्हण वाद्यांच्या बाजाराला फार शोभते. स्ट्रॅडिव्हेरियसच्या नावाचं लेबल आत असलेली व्हायोलिनं जगात हजारोंनी आहेत, आणि त्यातली बहुतेक कारखान्यांत तयार झालेली साधी व्हायोलिनं आहेत. म्हणजे लेबल असणं हा काही पुरावा नव्हे. मग नसणं हाही पुरावा कसा होईल? आमच्या गिटारीत टॉर्च मारून पाहिलं, तर भोकाखालच्या पाठीच्या फळीवर एक चौकोन आजूबाजूपेक्षा फिकट दिसला. कडेला वाळलेल्या खळीचे ठिपके होते. म्हणजे लेबल एके काळी होतं. आपल्या दमट हवेत कागद आणि खळ ही कसरीची मेजवानीच. कुणी मुद्दाम काढलं असेल असं मानायची काही गरज नाही.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी पुष्पिका असते. पोथी कुणी लिहिली, कुठे, कोणत्या शकात. बऱ्याचदा शेवटचं पान गहाळ होतं. म्हणून अभ्यासक पोथी फेकत नाहीत आणि ती ज्ञानेश्वरांच्या हातची आहे असंही म्हणत नाहीत. कागद, शाई, अक्षराचं वळण, भाषेची रूपं पाहतात. गिटारीचंही तसंच करता येतं.

पहिलं म्हणजे पुढची फळी. वाद्याचा आवाज मुख्यतः तिच्यातून येतो. अंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) या स्पॅनिश कारागिरानं आजच्या क्लासिकल गिटारीचा साचा घालून दिला. त्यानं १८६२ मध्ये एक गिटार केली, तिची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या होत्या! पुढची फळी मात्र चांगल्या लाकडाची. खरं काम ही फळी करते हे त्याला दाखवायचं होतं. तर ही फळी अखंड लाकडाची की प्लायवूडची, हे भोकाच्या कडेला कळतं. वरच्या रेघा कडेवरून तशाच खाली उतरत असतील तर अखंड, आणि कडेला थर दिसले तर प्लायवूड. आमच्या गिटारीत रेघा सरळ उतरलेल्या. इथेच दुकानदाराचं 'नुसतं लाकूड' निकालात निघालं.

मग लाकूड कोणतं? ही फळी बहुधा दोनांपैकी एकाची असते, फिकट पिवळसर स्प्रूसची किंवा तांबूस सीडरची. (हा सीडर म्हणजे आपला देवदार नव्हे, उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याकडचं झाड.) वरून रंग पाहून फसायला होतं, कारण स्प्रूसही जुना झाला की गडद होतो आणि रोगणातही रंग असतो. आतली बाजू रोगण न लावलेली असते, तिथे दंतवैद्याकडे असतो तसा छोटा आरसा धरून पाहायचं. आमची निघाली सीडर. गिटारीला सीडर वापरायची पद्धत माद्रिदच्या होसे रामिरेस तिसरे यांनी १९६० च्या दशकात रूढ केली. तेव्हा महायुद्धाच्या आधीची असण्याची शक्यता फारच थोडी. पुतण्याचे दीड लाखही गेले. मावशींच्या 'सत्तरच्या आसपास'ला मात्र धक्का लागत नाही.

पाठ शिसवीसारखी दिसते. पण बाहेरच्या रेघा आणि आतल्या रेघा जुळत नाहीत, म्हणजे प्लायवूडवर शिसवीचा पातळ पापुद्रा. कारखान्यातल्या गिटारी अशा असतातच, यात लबाडी नाही. आणि पाठ कागदाची असूनही गिटार वाजते हे तोर्रेसनं दाखवलंच आहे. (परदेशातल्या नातेवाइकांसाठी सूचना. ब्राझीलच्या शिसवीचं वाद्य सीमेपलीकडे नेताना कागदपत्रं लागतात, कारण ते झाड १९९२ पासून साइटीस कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. आपल्या सह्याद्रीतल्या शिसवीच्या तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली. तेव्हा 'ब्राझीलची शिसवी' असं कौतुकानं सांगण्याआधी विचार करा!)

भोकाभोवतीची नक्षी बारीक लाकडी तुकडे बसवून केलेली आहे, छापील चिकटपट्टी नाही. हा चांगला शकुन. तारांच्या चाव्या चकचकीत, पण त्यांच्या पट्टीशेजारी जुन्या स्क्रूची भोकं बुजवलेली दिसतात, म्हणजे त्या नंतर बदलल्या. तेव्हा चाव्यांवरून वय ठरवायचं नाही.

आता माप. तारा जिथून सुरू होतात तिथल्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायचं. आमचं आलं साडेबत्तीस सेंटिमीटर, म्हणजे ६५० मिलिमीटर, तोर्रेसपासून चालत आलेलं माप. रुंदी ५२ मिलिमीटर. पूर्ण आकाराची, मोठ्या माणसाची गिटार.

यानंतर प्रकृती. माझ्या मते नावापेक्षा हीच महत्त्वाची, आणि हिच्याकडेच कुणी बघत नाही. सुतार फळी डोळ्याशी धरून बघतो तशी मान बघायची. या गिटारींच्या मानेत बहुधा लोखंडी सळई नसते, त्यामुळे मान वाकली तर स्क्रू फिरवून सरळ होत नाही, मोठा खर्च निघतो. आमची सरळ आहे. मग घोडी. तिच्या मागच्या कडेखाली जाड कागद सरकवून पाहिला, तर एका कोपऱ्यात दोन-तीन मिलिमीटर आत गेला. तिथला सरस सुटतो आहे. या गिटारीला कुणी हौसेनं लोखंडी तारा लावल्या की असं होतं. त्यांचा ताण जवळजवळ दुप्पट, आणि ही घोडी तेवढ्यासाठी केलेलीच नसते.

माठ घेताना आपण बोटाच्या पेरानं वाजवून बघतो ना? तसंच पुढची फळी वाजवायची. एका जागी बद्द आवाज आणि बारीक खरखर आली. आत फळीला आधार देणाऱ्या पट्ट्या असतात, त्यातली एक सुटली आहे. शेवटी स्वर. बाराव्या पडद्यावर तार हलकेच स्पर्शून एकदा आणि दाबून एकदा वाजवायची, दोन्ही स्वर एक आले पाहिजेत. नातीनं मोबाइलवर मोजलं, पाच तारांवर बरोबर, एका तारेवर किंचित चढा. तार बदलल्यावर तोही जुळला.

एवढ्यावरून काय म्हणता येतं? अखंड सीडरच्या फळीची, चांगल्या कारखान्यातली, शिकणाऱ्याला पुष्कळ वर्षं पुरेल अशी गिटार, बहुधा १९६० च्या दशकाच्या अखेरीची किंवा नंतरची. देश सांगता येत नाही. त्या काळात स्पॅनिश धर्तीच्या गिटारी जपानमध्येही भरपूर होत होत्या. 'स्पेनची' हे मावशींच्या यजमानांचं म्हणणं, ते म्हणणं म्हणूनच लिहायचं.

आणि किंमत? अशाच बांधणीच्या नव्या गिटारीची किंमत दुकानात विचारली, २८ हजार. वापरलेली म्हणून निम्मी, त्यातून घोडी आणि पट्टी चिकटवायचे साडेतीन हजार वजा. साडेदहा हजार. पण हा हिशेब घेणाऱ्याच्या आजीचा! म्हणून मी सगळी तपासणी एका कागदावर लिहिली, चांगलं आणि वाईट दोन्ही, मावशींना वाचून दाखवली आणि तो कागद घेऊन त्यांना आमच्याशी संबंध नसलेल्या एका गिटार शिक्षकांकडे पाठवलं. त्यांनी वाजवून बारा हजार सांगितले. आम्ही बारा दिले.

माझा मुलगा म्हणाला, "आई, मावशींनी साडेदहालाही दिली असती." दिली असती, आनंदानं. पण ज्याला वस्तूतलं कळत नाही त्याला कळणाऱ्यानं सगळं सांगितलं नाही, तर मग त्या दुकानदारात आणि आपल्यात फरक काय? पारख करणारा आणि घेणारा एकच असेल तर जे दिसलं ते मोठ्यानं बोलावं आणि तिसऱ्या माणसाकडून भाव करवून घ्यावा. जुन्या वस्तूंच्या व्यवहारात मला तरी हा एवढाच नियम पुरेसा वाटतो. विकणाऱ्यासाठीही एक नियम आहे. जे माहीत नाही ते 'माहीत नाही' म्हणून सांगावं. त्यानं किंमत थोडी उतरेल, पण घेणाऱ्याचा विश्वास बसतो.

त्या फिकट चौकोनावर नवं लेबल लावायचं नाही असं मी नातीला बजावलं आहे. तपासणीच्या कागदाची नक्कल तारीख घालून गिटारीच्या पेटीत ठेवली आहे. तुमच्याही घरात असं काही असेल, आजोबांचं घड्याळ, आत्याची पेटी, कुणाची तरी सतार. सांगणारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारा आणि लिहून ठेवा. कुणी सांगितलं आणि आपण स्वतः काय पाहिलं, हे वेगवेगळं लिहा. इतिहासाच्या तासाला मुलांना मी हेच सांगत आले.

असो. सध्या इतकंच.