भाडं मागायची लाज कसली?

"माझ्याच घराचा जिना चढताना मला चोरासारखं वाटतं वं बाई..." आमच्या ओळखीच्या एक अक्का सांगत होत्या. जळगावातलं त्यांचं घर, वरच्या दोन खोल्या भाड्यानं दिलेल्या. यजमान जाऊन चार वर्षं झालेली. पेन्शन नाही. महिन्याच्या ३,५०० रुपये भाड्यावर किराणा आणि बी.पी.च्या गोळ्या चालायच्या. भाडेकरूनं आधी डिपॉझिटचे ७,००० 'वळते करून घ्या' म्हणत दोन महिने काढले आणि त्यानंतर चौदा महिने एक पैसा दिला नाही. म्हणजे झाले ४९,००० रुपये. आणि या चौदा महिन्यांत अक्कांनी भाडं मागितलं किती वेळा? तीनदा! तेही हळदीकुंकवाला गेल्यावर, त्याच्या बायकोच्या कानात.

मैत्रिणींनो, यात हसण्यासारखं काही नाही. गावोगावी हेच चाललेलं असतं. खोल्या झाडायच्या बाईनं, पाण्याचा दिवस भाडेकरूला आठवण करून द्यायचा बाईनं, पण पैशाचं बोलायचं ते पुरुषानं. तो पुरुष गेला की बोलायला कोणी उरत नाही. मग भीड, मग चिडचिड आणि शेवटी एक दिवस स्फोट.

अक्कांकडे तो स्फोट त्यांच्या दिरांनी घडवला. ते आले आणि त्यांनी वरचा नळच बंद करून टाकला. ऐन मे महिन्यात, जळगावच्या उन्हात! दुसऱ्या दिवशी भाडेकरूची बायको लेकराला कडेवर घेऊन पोलिसात गेली आणि जाबजबाबासाठी बोलावणं आलं ते अक्कांना. ज्यांचे पैसे बुडाले त्याच गुन्हेगार! अक्का रडकुंडीला आल्या होत्या, पण खरं सांगते, कायदा त्या बाईच्या बाजूनं होता. भाडं कितीही थकलेलं असो, पाणी-वीज तोडणं हा आपल्या राज्यात घरमालकाचा गुन्हा आहे आणि त्याला कैदेचीही शिक्षा आहे. सामान बाहेर फेकणं, कुलूप ठोकणं हेही तसंच अंगाशी येतं. भाडेकरू सहा महिन्यांच्या आत कोर्टात गेला तर ताबा परत मिळवू शकतो. मग भाडंही गेलं आणि घरही अडकलं.

तर मग सरळ वाट कोणती? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सालचा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याआधी आपल्या खानदेशात १९४७ चा मुंबईचा कायदा चालायचा. या नव्या कायद्याप्रमाणे पहिली पायरी म्हणजे लेखी नोटीस. अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत एवढं भाडं बाकी आहे, ते द्या. नोटीस पोचपावतीच्या टपालानं पाठवायची. भाडेकरूनं घेतली नाही तरी 'घेण्यास नकार' असा शेरा मारलेला लिफाफा फोडू नका, जपून ठेवा, तोच पुढे कामाला येतो. नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस थांबायचं. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर घर रिकामं करून मिळण्याचा आणि थकबाकीचा दावा दिवाणी न्यायालयात लावता येतो.

आणि इथे पुष्कळ मालकिणींचा जीव खालीवर होतो. दाव्याचं समन्स मिळाल्यावर ९० दिवसांत भाडेकरूनं सगळी बाकी, त्यावर वर्षाला १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला आणि पुढचं भाडं नियमित देत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला घराबाहेर काढता येत नाही. "मग काय उपयोग?" असं मला एकजण तावातावानं म्हणाल्या. अहो, आपल्याला पैसेच हवे होते ना? हजार रुपये वर्षभर थकले तर दीडशे रुपये वर मिळतात. ज्याची नोकरी गेली, घरात आजारपण आलं, अशा माणसाला सावरायला एक संधी मिळाली तर मला ते गैर वाटत नाही.

मीही भाडेकरू होतेच की. लग्नानंतर सहा वर्षं आम्ही धुळ्याला देवपुरात दोन खोल्यांत काढली. मालकीणबाई दर महिन्याला भाडं घ्यायच्या आणि एका डायरीत लाल शाईनं काहीतरी लिहायच्या. पावती कधीच नाही. एका दिवाळीत म्हणाल्या, "श्रावणाचं राहिलंय तुमचं." आम्ही दिलं होतं! पण दाखवणार काय? पुन्हा दिलं. त्या लबाड होत्या असं मला आजही वाटत नाही, विसरल्या असतील. भाड्याची लेखी पावती देणं मालकाला कायद्यानं बंधनकारक आहे, हे तेव्हा ना त्यांना माहीत होतं, ना मला.

कागदाचं तेच. अक्कांचा व्यवहार तोंडी. बऱ्याच जणी म्हणतात, "आम्ही स्टॅम्पपेपर करून नोटरी केलीय ना, अकरा महिन्यांचा!" बायांनो, नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. आपल्या राज्यात भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी हवा आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला हवा, अकरा महिन्यांचा असला तरी. ती जबाबदारी मालकाची आहे. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठा फटका पुढेच आहे. नोंदलेला करार नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. त्या खोट्या आहेत हे आपण सिद्ध करायचं. अक्कांच्या भाडेकरूनं नेमकं तेच केलं. म्हणाला, भाडं ३,५०० नव्हे, २,५०० ठरलं होतं. अक्कांकडे फक्त वही, तीही स्वतःच्याच हातची.

याउलट राहत्या घराचा नोंदलेला लिव्ह अँड लायसन्स असेल, तर मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतर घर न सोडणाऱ्याला ताबा देईपर्यंत दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते. आता नोंदणी ऑनलाइनही होते.

मुदत संपल्यावर ढिलाई केली की काय होतं, ते जळगावकरांनी डोळ्यांनी पाहिलंय. महापालिकेच्या व्यापारी संकुलांमधल्या दोन हजारांवर गाळ्यांचे करार २०१२ मध्ये संपले. मग भाडं किती, दंड किती, नव्यानं करार कसा, यावर वर्षानुवर्षं नोटिसा, मोर्चे, बंद आणि हायकोर्ट. महापालिकेचा कायदा वेगळा, आपला वेगळा. पण जिच्या दारी वकील आणि अधिकारी आहेत तिची ही गत, तर वहीत आकडे मांडणाऱ्या अक्कांचं काय होणार? म्हणून 'बघू पुढच्या दिवाळीला' हे सोडा. थकलेल्या भाड्याचा दावा ते देय झाल्यापासून तीन वर्षांतच लावावा लागतो. पाच-पाच वर्षांची बाकी मायेनं साठवून ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यातली जुनी बाकी कोर्टातून मिळत नाही.

अक्कांना घेऊन मी कोर्टाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले. स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यानंच ही सोय आहे. हे आपल्या बायकांना का माहीत नसतं, कोण जाणे. पहिलाच प्रश्न आला, घर कोणाच्या नावावर? उताऱ्यावर अजून यजमानांचंच नाव होतं. चार वर्षांत वारसनोंद केलेली नव्हती! आधी ते काम मार्गी लावलं, मग नोटीस गेली. नंतर दावा न लावता प्रकरण लोकअदालतीत ठेवलं. तिथे दोघांची संमती असेल तरच तडजोड होते, पण एकदा झाली की तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच, त्यावर अपील नाही.

ठरलं ते असं. भाडं मध्ये धरून ३,००० प्रमाणे ४२,००० रुपये, चौदा हप्त्यांत. पोराची परीक्षा झाली की मे अखेर खोल्या रिकाम्या. अक्का तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. सात हजार सोडायला लावले म्हणून राग! खोल्या वेळेवर मिळाल्या. अकरा हप्ते आले, बारावा रखडला, तेव्हा निवाड्याची प्रत घेऊन अक्का एकट्याच त्याच्या नव्या घरी गेल्या. दोन जिने चढून. बारावा आणि तेरावा एकदमच घेऊन आल्या आणि त्याला पावतीही लिहून दिली. चौदावा अजून यायचाय.