वाट पाहावी कशी?

२०१९ सालच्या जून महिन्यातील गोष्ट. शाळा नुकतीच उघडली होती. पाऊस त्या वर्षी लांबला होता आणि वर्गात उकाड्याने जीव नकोसा झाला होता. नववीच्या वर्गात मी समास शिकवीत असता, मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याचे लक्ष फळ्याकडे नसून मांडीवरील वहीकडे आहे, असे माझ्या दृष्टीस पडले. मी ती वही काढून घेतली. तिच्यात अवकाशयानांची चित्रे होती, याचे मला नवल वाटले नाही. त्या वयात कोणाच्या वहीत ती नसतात? परंतु शेवटच्या दोन पानांवर एक अनोळखी लिपी मोठ्या टापटिपीने उतरून काढलेली होती आणि प्रत्येक अक्षरासमोर त्याच्या जोडीचे इंग्रजी अक्षर लिहिलेले होते. विचारणा करता कळले, की अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील ॲनाहाइम या गावी डिस्नेलँड नावाचे जे सुप्रसिद्ध क्रीडोद्यान आहे, तेथे ३१ मे रोजी ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटमालेवर आधारलेला एक नवा विभाग उघडला होता. त्या विभागातील पाट्या ‘ऑरेबेश’ नावाच्या काल्पनिक लिपीत लिहिलेल्या होत्या. आणि कधी काळी तेथे जाणे घडलेच, तर त्या पाट्या आपल्याला वाचता याव्यात, एवढ्यासाठी हा मुलगा ती लिपी शिकत होता! मी त्याला चार शब्द सुनावले आणि वही दिवसभर टेबलाच्या खणात ठेवून दिली.

त्या दिवशी चूक त्या मुलाची नव्हती, माझी होती, असे आता माझे मत झाले आहे. ते का झाले, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

प्रथम त्या विभागाची थोडी हकीकत सांगितली पाहिजे. जॉर्ज ल्यूकस यांचा पहिला ‘स्टार वॉर्स’ चित्रपट १९७७ साली प्रकाशित झाला. तो पाहून भारावून गेलेली मुले पुढे आईबाप झाली आणि काही तर आजोबाही झाली. पण त्या कथेवरील त्यांचे प्रेम ओसरले नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये डिस्ने कंपनीने घोषणा केली, की सुमारे १४ एकर जागेत या कथाविश्वातील एक संपूर्ण वस्ती आपण उभारणार आहोत. एप्रिल २०१६ मध्ये बांधकाम सुरू झाले. ‘गॅलक्सीज एज’ हे त्या विभागाचे नाव, आणि ‘बाटू’ हा त्यातील ग्रह. हा ग्रह तोवर कोणत्याही चित्रपटात आलेला नव्हता; येणाऱ्या पाहुण्याला तेथे स्वतःची गोष्ट घडवता यावी, अशी योजकांची कल्पना होती. ‘मिलेनियम फाल्कन’ हे चित्रपटातील यान तेथे १०० फुटांहून अधिक लांबीचे, पूर्णाकृती उभे करण्यात आले. मूळ चित्रपटांचे संगीतकार जॉन विल्यम्स यांनी या विभागासाठी नवी संगीतरचना केली. घोषणेपासून उद्घाटनापर्यंत जवळजवळ चार वर्षे लोटली, आणि ही चार वर्षे हजारो चाहते नित्य नव्या बातमीची वाट पाहत होते. आज एक सुळका उभा राहिला, उद्या त्याला रंग लागला, एवढ्याशा वार्तेनेही त्यांना आनंद होत असे. पहिल्या तीन आठवड्यांसाठी पूर्वनोंदणी आवश्यक होती. २ मे २०१९ रोजी ती सुरू झाली आणि सुमारे दोन तासांत सर्व जागा संपल्या. तीही परवानगी होती अवघ्या चार तासांच्या मुक्कामाची!

हे ऐकून कोणाही पोक्त माणसाच्या मनात दोन आक्षेप उभे राहतील. माझ्याही मनात ते उभे राहिले होते. पहिला आक्षेप असा, की हा सारा आभास आहे. जे यान कधी उडणार नाही, जो ग्रह कोठेही नाही, त्याच्या दर्शनासाठी मोठ्या माणसांनी डोळ्यांत पाणी आणावे, हे बुद्धीला शोभते काय? दुसरा आक्षेप असा, की हा सारा व्यापार आहे. कंपनी उत्कंठा निर्माण करते, ती वाढवते आणि अखेर तिकीट लावून तीच आपल्याला विकते. या दोन्ही आक्षेपांत काही तथ्य आहे. परंतु ते पुरते खरे नाहीत.

आभासाचा विचार प्रथम करू. याच डिस्नेलँडचे उद्घाटन १७ जुलै १९५५ रोजी झाले, तेव्हा त्यात ‘टुमॉरोलँड’ म्हणजे उद्याची भूमी नावाचा एक विभाग होता. १९८६ साली जग कसे असेल, याचे चित्र तेथे रंगवलेले होते. त्याच वर्षी ‘रॉकेट टु द मून’ हा चंद्रप्रवासाचा खेळ तेथे सुरू झाला. प्रेक्षक एका वर्तुळाकार दालनात बसत. पायांखाली एक पडदा आणि डोक्यावर एक पडदा. खालच्या पडद्यावर पृथ्वी दूर जाताना दिसे आणि वरच्या पडद्यावर आकाश जवळ येई. हाही आभासच होता. पण त्याच्या बाहेर उभ्या असलेल्या अग्निबाणाची आकृती ठरवताना व्हेर्नर फॉन ब्राउन आणि विली ली या तज्ज्ञांचा सल्ला घेतलेला होता, आणि ९ मार्च १९५५ रोजी दूरचित्रवाणीवरील डिस्नेच्या कार्यक्रमात हेच शास्त्रज्ञ मनुष्य अवकाशात कसा जाईल, हे सामान्य जनांना समजावून सांगत होते. तेव्हा आकाशात एकही कृत्रिम उपग्रह नव्हता. पहिला स्पुटनिक ४ ऑक्टोबर १९५७ रोजी उडाला. पुढे १९६९ च्या जुलैत मनुष्याने चंद्रावर पाऊल ठेवले आणि चंद्र आभासापुरता उरला नाही. १९७५ साली उद्यानाच्या चालकांनी त्या खेळातील चंद्र काढून त्याच्या जागी मंगळाची सफर आणली.

खेळातल्या त्या पडद्यामुळे माणूस चंद्रावर गेला, असे मी म्हणत नाही. तो गणिताने, द्रव्याने आणि असंख्य लोकांच्या श्रमाने गेला. परंतु एखादा समाज ज्या दिशेला डोळे लावून बसतो, त्या दिशेकडे जाणारा रस्ता त्याच्या ओळखीचा होतो, एवढे तरी मान्य करावयास हरकत नाही.

येथे मात्र १९५५ ची प्रतीक्षा आणि २०१९ ची प्रतीक्षा यांतील एक भेद माझ्या मनाला खुपतो, तो लपवून ठेवणे योग्य होणार नाही. टुमॉरोलँडमध्ये येणारा मुलगा ‘हे माझ्या हयातीत घडेल’ असे म्हणू शकत होता. ‘स्टार वॉर्स’ची कथा मात्र फार पूर्वी, फार दूरच्या तारकासमूहात घडून गेलेली म्हणून सांगितली जाते. ती उद्याची नव्हे, पुराणासारखी कालची आहे. म्हणजे २०१९ मध्ये जे लोक रांगेत उभे होते, त्यांतील पुष्कळ जण भविष्याची वाट पाहत नव्हते. ते आपल्या बालपणाची वाट पाहत होते. बालपण परत भेटावेसे वाटणे हा काही अपराध नव्हे. पण ज्या पिढीची सारी उत्कंठा मागे वळलेली असेल, तिच्या वाट्याला नवे काय येणार, हा प्रश्न शिक्षकाने तरी विचारलाच पाहिजे.

आता व्यापाराचा आक्षेप. उत्कंठा ही कारखान्यात तयार होणारी वस्तू असती, तर इतक्या मोठ्या कंपनीला ती हवी तेवढी काढता आली असती. प्रत्यक्षात काय झाले? पूर्वनोंदणीचे दिवस संपल्यावर डिस्नेलँडमध्ये लोकांचा लोंढा येईल, अशी सर्वांची अटकळ होती. परंतु त्या उन्हाळ्यात गर्दी अपेक्षेपेक्षा कमीच झाली. गर्दीच्या भयाने पुष्कळ लोक दूर राहिले, असे कंपनीचे तत्कालीन प्रमुख बॉब आयगर यांनी सांगितले. शिवाय दोन मुख्य आकर्षणांपैकी एक तयारच नव्हते. ‘राइज ऑफ द रेझिस्टन्स’ हा खेळ फ्लॉरिडातील उद्यानात ५ डिसेंबर २०१९ रोजी आणि कॅलिफोर्नियात १७ जानेवारी २०२० रोजी सुरू झाला. पुढे १ मार्च २०२२ रोजी फ्लॉरिडात, अवकाशनौकेत दोन रात्री राहिल्याचा अनुभव देणारे १०० खोल्यांचे एक हॉटेल निघाले. दोन माणसांना त्याचा खर्च ४,८०० डॉलरच्या घरात जात असे. ३० सप्टेंबर २०२३ रोजी ते बंद झाले. तात्पर्य, वाट पाहणाऱ्याला तिकीट विकता येते. त्याने कशाची वाट पाहावी, हे मात्र विकणाऱ्याच्या हाती पूर्णपणे कधीच नसते.

मग ते कोणाच्या हाती असते? मला वाटते, खरा प्रश्न हाच आहे. ‘उत्कंठा चांगली की वाईट’ हा वाद फोल आहे. वाट पाहण्याच्या काळात माणूस काय करतो, यावर तिचे मोल ठरते.

याच चाहत्यांतील काहींची उदाहरणे पाहा. चित्रपटातील ‘आर-टू-डी-टू’ हा छोटा यंत्रमानव आपल्या घरी बनवावा, या छंदापायी १९९९ साली हौशी लोकांचा एक संघ निर्माण झाला. कोणी पत्रा कापावयास शिकला, कोणी विजेची जोडणी शिकला, कोणी मोटार बसवावयास शिकला. आणि जे शिकला ते त्याने इतरांना सांगितले. २०१३ साली जर्मनीत भरलेल्या चाहत्यांच्या मेळाव्यात ही यंत्रे चित्रपटाच्या निर्मात्या कॅथलीन केनेडी यांनी पाहिली, आणि पुढे २०१५ च्या नव्या चित्रपटासाठी यंत्रमानव बनवण्याच्या कामावर इंग्लंडमधील त्या संघाच्या दोघा सदस्यांनाच नेमण्यात आले. १९९७ साली स्थापन झालेल्या ‘५०१ व्या लीजन’चे सदस्य कथेतील सैनिकांची चिलखते तयार करतात आणि ती घालून रुग्णालयांतील आजारी मुलांना भेटावयास जातात. या लोकांनीही इतरांप्रमाणे वाटच पाहिली. पण त्यांचे हात रिकामे नव्हते. त्या नव्या विभागातील ‘स्मगलर्स रन’ हा खेळदेखील असाच आहे. यानात सहा जण बसतात. दोघांनी ते चालवावयाचे, दोघांनी तोफा सांभाळावयाच्या आणि दोघांनी यंत्रांची दुरुस्ती पाहावयाची. चालक हयगय करतील, तर यान आदळत आपटत जाते!

आपल्याला हे अपरिचित नाही. दिवाळीपूर्वी आपल्या गावोगावची मुले नरकासुर करू लागतात. बांबू आणावयाचे, सांगाडा बांधावयाचा, गवत भरावयाचे, कागद चिकटवावयाचे; अनेक रात्रींची ही खटपट एका पहाटेसाठी असते, आणि त्या पहाटे तो जाळून टाकावयाचा असतो. तरी त्या मुलांना आपला वेळ वाया गेला असे वाटत नाही. उलट ज्याने वर्गणी देऊन तयार नरकासुर आणला, त्याची दिवाळी एका पहाटेचीच झाली. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोट फिरवीत पुढच्या सामन्याची वा पुढच्या चित्रपटाची बातमी तासातासाला शोधणे, हीदेखील प्रतीक्षाच. परंतु ती संपल्यावर हाती काही उरत नाही, आणि सामना संपताच दुसऱ्या सामन्यासाठी तेच बोट फिरू लागते.

मराठीत आपण ‘वाट पाहणे’ म्हणतो, आणि घरी कोकणीत आम्ही ‘वाट पळोवप’ म्हणतो. दोन्ही भाषांनी रस्त्याकडे पाहण्यालाच प्रतीक्षा म्हटले आहे. जो खरोखर रस्त्याकडे पाहतो, त्याला रस्त्याचे वळण, त्यावरील झाड, त्यावरून जाणारा माणूस हे सर्व दिसू लागते. पाहुणा आला नाही, तरी त्याला रस्ता कळलेला असतो.

माझ्या त्या विद्यार्थ्याचेही असेच झाले होते. ॲनाहाइमला तो जाईल की नाही, हे कोणास ठाऊक? पण एक अक्षर एका ध्वनीसाठी उभे राहते, चिन्हे बदलली तरी शब्द तोच राहतो, हे त्याने कोणीही न शिकवता जाणले होते. भाषेच्या शिक्षकाने याहून अधिक काय मागावे? शाळा सुटताना मी त्याची वही परत दिली, तेव्हा माझ्या मनात विचार आला होता, की याला आपली मोडी दाखवावी. ज्या लिपीत आपल्या पणजोबांच्या पिढीचे हिशेब आणि पत्रे लिहिली जात, ती लिपी आज त्यांच्या पणतवंडांना ऑरेबेशइतकीच परकी आहे. ‘दाखवू पुढे कधीतरी’ असे म्हणून मी तो विचार पुढे ढकलला. वर्ष सरले, पाठोपाठ महामारीने शाळा बंद झाल्या, तो मुलगा दहावी होऊन निघून गेला. त्याची तयारी होती, माझी नव्हती. मीही वाटच पाहत होतो, पण रिकाम्या हातांनी.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही कशाची वाट पाहता, हे मी तुम्हांला विचारणार नाही. ते अवकाशयान असो, दूरचा देश असो वा एखादा खेळ असो. त्याची थट्टाही मी आता करणार नाही. त्या वाटेवर तुम्ही काय शिकत आहात, एवढेच मी विचारीन. मलाही तुम्ही तोच प्रश्न विचारावा. येत्या जूनपासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी एक तास वर्गात थांबणार आहे आणि मोडीची अक्षरे फळ्यावर लिहिणार आहे. ज्यांना यावयाचे असेल, त्यांनी एक कोरी वही घेऊन यावे. तिच्या शेवटच्या पानांवर यानांची चित्रे असली, तरी मुळीच हरकत नाही.