वस्त्रनामे आणि आंतरभारतीय अनुवाद

मराठी कथात्म वाङ्मयात ‘आलवण’ हा शब्द आला की जाणत्या वाचकाच्या मनात एक संपूर्ण समाजव्यवस्था उभी राहते. केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेने नेसावयाचे ते तांबडे वस्त्र. आता या शब्दाचा अनुवाद कोणी हिंदीत किंवा बंगालीत ‘लाल साडी’ असा केला, तर तो शब्दशः चुकीचा ठरणार नाही, आणि तरीही अर्थाचा पूर्ण विपर्यास होईल. हिंदी आणि बंगाली वाचकाच्या लेखी लाल साडी ही नववधूची, सौभाग्याची खूण होय. बंगाली विधवेचे वस्त्र म्हणजे बिनकाठाचे पांढरे ‘थान’. उलट केरळातील सोनेरी काठांचे पांढरे मुंडु-नेरियतु हा सणासुदीचा वेष आहे. त्याचे मराठीत ‘पांढरे लुगडे’ झाले, तर आपला वाचक त्या उत्सवात वैधव्य पाहील. रंग तोच, कापडही बहुधा तेच. परंतु नाव बदलताच वस्त्र नेसणारी व्यक्तीच बदलते. वस्त्रनामांचा प्रश्न हा अनुवादाच्या तळटिपांत ढकलून देण्याजोगा किरकोळ प्रश्न नव्हे, असे माझे मत आहे, आणि ते येथे थोडे विस्ताराने मांडावयाचे आहे.

वस्त्राच्या नावातील कूट आपल्या वैयाकरणांना फार पूर्वीच जाणवले होते. पतंजलीने महाभाष्यात एक मार्मिक उदाहरण दिले आहे. कोणी विणकराला म्हणतो, या सुताचा शाटक विण. विणकर विचारात पडतो: शाटक असेल तर तो विणावयाचा उरलेला नाही, आणि विणावयाचा असेल तर तो अद्याप शाटक नाही. याचा उलगडा पतंजली असा करतो की, येथे ‘शाटक’ ही भावी संज्ञा आहे. जे विणून झाल्यावर त्या नावास पात्र होईल, ते विण, असा त्या बोलण्याचा अर्थ. ज्या शाटी-शाटिकेपासून आपली ‘साडी’ आली, त्याच कुळातील हा शब्द आहे. पतंजलीचा विचार एक पाऊल पुढे नेऊन असे म्हणता येईल की, मागावरून उतरले म्हणूनही वस्त्राचे नाव पुरते सिद्ध होत नाही. ते कोण, केव्हा, कसे नेसते, यावर त्याचे नाव ठरते. शांताल बूलांजे या फ्रेंच अभ्यासिकेने 1997 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात साडी नेसण्याच्या अनेक पद्धती नोंदविल्या आहेत. त्या सर्वांना ‘साडी’ म्हणणे म्हणजे सर्व वृत्तांना ‘कविता’ म्हणून मोकळे होण्यासारखे आहे.

नावे ठेवण्याची तत्त्वेही सर्वत्र सारखी नाहीत. अमरकोशात वस्त्रांचे वर्गीकरण प्रथम द्रव्यावरून केले आहे: वल्कापासून झालेले, फळापासून म्हणजे कापसापासून झालेले, कृमिकोशातून निघालेले आणि प्राण्याच्या लोकरीचे. पुढे अंतरीय आणि उत्तरीय ही नावे येतात, ती वस्त्राच्या देहावरील स्थानावरून. मराठीने यांखेरीज आणखी वाटा चोखाळल्या. पैठणी आणि इरकल ही नावे गावांवरून आली, त्यांपैकी दुसरे तर कर्नाटकातील इळकलचे मराठी उच्चारण. ‘पातळ’ हे मुळात पोताचे विशेषण. ‘नऊवारी’ हे लांबीचे माप. तमिळ ब्राह्मण स्त्रियांचे वस्त्रही सुमारे तेवढेच लांब असते. पण त्याचे प्रचलित नाव ‘मडिसार’ हे मापाचे नव्हे, नेसण्याच्या रीतीचे आहे. ‘नऊवारी’ या नावातली खोच अशी की, अवघी लुगडी लांबच होती तोवर वार मोजून नाव सांगण्याचे कारण नव्हते. सहावारी शेजारी येऊन उभी राहिली आणि जुन्या वस्त्राला विशेषण चिकटले. जपानी भाषेतही असेच घडले. ‘किमोनो’ याचा मूळ अर्थ केवळ ‘अंगावर घालावयाची वस्तू’ असा आहे. मेइजी काळात पाश्चात्त्य पोशाख आला, आणि जे सर्वसाधारण नाव होते ते एका विशिष्ट, परंपरागत वस्त्राचे नाव होऊन बसले. सारांश, वस्त्राचे नाव हे बहुधा भेदातून जन्मते. तो भेद गाळून नाव उचलले, तर हाती केवळ ध्वनी येतो.

हा धोका भगिनीभाषांत अधिकच आहे, कारण तेथे शब्द ओळखीचे वाटतात. ‘लुगडे’ याच शब्दाचा गोतावळा पाहावा. गुजरातीत ‘लूगडुं’ म्हणजे कोणतेही वस्त्र. नेपाळीत ‘लुगा’ म्हणजे स्त्रीपुरुषांचे सर्वच कपडे. छत्तीसगढीत ‘लुगरा’ म्हणजे साडी. राजस्थानात ‘लूगडी’ म्हणजे डोक्यावरून घ्यावयाची ओढणी. एकच शब्द प्रांतोप्रांती देहाच्या निरनिराळ्या भागांवर स्थिरावला आहे. तेलुगूत स्त्रीचे रोजचे वस्त्र ‘चीर’. संस्कृतात ‘चीर’ म्हटले की तापसाचे वल्कल किंवा चिंधी आठवते. आणि आपल्याकडे ‘चिरगूट’ म्हणजे टाकाऊ फडके. असमिया ‘मेखेला-चादर’ हे जोडनाव तर मराठी वाचकाची गंमतच करते. मेखला म्हणजे त्याच्या लेखी कमरपट्टा, आणि चादर म्हणजे अंथरुणावरची. असममध्ये मेखेला हे कमरेखालचे मुख्य वस्त्र आणि चादर हे वरचे, हे त्याला कोणी सांगितले नाही, तर कादंबरीतील नायिका त्याच्यासमोर अगदी विचित्र वेषात उभी राहील. असमचाच ‘गामोसा’ हा शब्द व्युत्पत्तीने अंग पुसण्याचे कापड सुचवितो. पण तो बिहूला वडीलधाऱ्यांना भेट दिला जातो, पाहुण्याच्या गळ्यात सन्मानाने घातला जातो, नामघरातील धर्मग्रंथावर आच्छादिला जातो. त्याला ‘टॉवेल’ म्हणणे हे व्युत्पत्तीला धरून आहे, व्यवहाराला सोडून आहे.

नावाइतकेच लक्ष क्रियापदाकडे द्यावयास हवे, आणि याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. मराठी माणूस लुगडे आणि धोतर ‘नेसतो’, सदरा ‘घालतो’, शाल ‘पांघरतो’, फेटा ‘बांधतो’. ‘पाटलोण नेसली’ असे कोणी म्हटले, तर ऐकणारा हसेल. शिवलेले आणि न शिवलेले वस्त्र यांतील सीमा आपल्या क्रियापदांनी जपलेली आहे. शेजारच्या कन्नडमध्येही ‘उडु’ आणि ‘तोडु’ असा भेद असून, ‘उडुगे-तोडुगे’ या जोडशब्दात दोन्ही मिळून सारा पोशाख येतो. हिंदीत ‘पहनना’ आणि बंगालीत ‘परा’ या एकेका क्रियापदावर साडी आणि कुडता दोन्ही निभावतात. इंग्रजीची गोष्ट तर बोलावयासच नको. म्हणून मराठी कृती इंग्रजीमार्गे कन्नडमध्ये गेली, तर दोन्ही टोकांना असलेला भेद मधल्या वाटेवर लोपतो. थेट अनुवादाच्या बाजूने यापेक्षा साधा पुरावा कोणता हवा?

या विषयाला एक गंभीर बाजू आहे. वस्त्राचे नाव हे अनेकदा अधिकाराचे नाव असते. त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांनी छाती झाकण्याच्या हक्कासाठी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दीर्घ संघर्ष केला. 1859 साली राजाने जाहीरनामा काढून ती मुभा दिली, परंतु उच्चवर्णीय स्त्रियांसारखे वस्त्र घेऊ नये, ही अट राखली. तमिळमध्ये हा लढा ‘तोळ्-सीलै’, म्हणजे खांद्यावरील वस्त्र, या नावाने ओळखला जातो. मराठी अनुवादकाने तेथे ‘पदर’ लिहिले, तर सगळा इतिहासच पुसला जाईल. कारण पदर हा त्याच वस्त्राचा शेव असतो, आणि तेथील झगडा खांद्यावर वेगळे वस्त्र घेण्याच्या अधिकाराचा होता. हा प्रश्न केवळ भूतकाळातला आहे, असेही नाही. वेष्टि नेसलेल्यांना काही क्लबांत प्रवेश नाकारला गेल्यावर 2014 साली तमिळनाडू विधानसभेला अशा मज्जावाविरुद्ध कायदा करावा लागला. या प्रसंगाच्या वर्णनात वेष्टिला ‘लुंगी’ म्हटले, तर अनुवादक नकळत त्या दारवानाच्याच पंक्तीला जाऊन बसतो.

येथे एक आक्षेप संभवतो. प्रत्येक वस्त्रनाम मूळ रूपात ठेवले, तर अनुवाद म्हणजे तळटिपांचे रान होईल आणि वाचक कंटाळून पुस्तक मिटील. आक्षेपात तथ्य आहे. तथापि, सर्वच नावे राखावीत, असे माझे म्हणणे नाही. कसोटी अशी असावी: ते वस्त्र त्या वाक्यात काही कार्य करते काय? ते वय, वैधव्य, जात, मान, अवहेलना यांपैकी काही सांगत असेल, तर नाव राखावे, आणि त्याचा अर्थ तळटिपेत न देता क्रियापदातून, एखाद्या विशेषणातून, वाक्याच्या ओघात उलगडावा. ‘तिने आलवण नेसून बोडक्या डोक्यावरून पदर ओढला’ एवढ्यावर कोणत्याही भाषेतील वाचक ते लग्नाचे लेणे समजणार नाही. जेथे वस्त्र निव्वळ वस्त्र आहे, तेथे ‘साडी’ खुशाल चालावी.

दुसरी सूचना विद्यापीठीय भाषाविभागांसाठी आहे. वेशभूषेच्या इतिहासावर डॉ. मोतीचंद्र यांनी 1950 साली हिंदीत आणि डॉ. गो. स. घुर्ये यांनी 1951 साली इंग्रजीत ग्रंथ लिहिले. त्या पायावर भारतीय भाषांतील वस्त्रनामांचा एक तौलनिक कोश रचावा. त्यात कापड कोणते एवढेच न देता, ते कोण वापरी, कोणत्या प्रसंगी, कोणत्या क्रियापदाने, आणि शेजारच्या भाषेत तोच शब्द कोणता भलता अर्थ देतो, याची नोंद असावी. हे काम एका भाषेच्या अभ्यासकाचे नव्हे, आणि नेमके म्हणूनच ते भारतीय साहित्याच्या अभ्यासकांचे आहे. लुगडी नेसणाऱ्या, आलवण पाहिलेल्या पिढ्या झपाट्याने मागे पडत आहेत. वस्त्र विरले तरी संग्रहालयात त्याचा तुकडा राहू शकतो. नावाचा अर्थ विरला, तर तो सांगणारे कोणी उरत नाही.