हातब्रेक नसेल तर माल भरू नका

आमच्या शहराचे नाव सरकारी कागदावर २०२४ साली अहिल्यानगर झाले. बाजारात मात्र बिल्टीवर काहीही लिहिलेले असो, तोंडी अजून नगरच चालते. या नगरच्या कापड बाजारात आम्ही गल्ल्यावर बसायला लागलो त्याला तीस वर्षे होऊन गेली. पूर्वी जकातीवर तकरार चालायची, आता जीएसटीवर चालते. भाव, उधारी, हमाली, भाडे यावर व्यापारी मंडळी रोज बोलतात. पण ज्या तीन चाकी गाडीतून आमचा माल ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून दुकानापर्यंत येतो, तिच्या ब्रेकबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. आम्हीही काढला नव्हता. एक प्रसंग घडला आणि डोळे उघडले.

सणाचे दिवस होते. सुरतेहून गाठी आल्या होत्या. एका माल रिक्षावाल्याने इतरांपेक्षा पन्नास रुपये कमी सांगितले, म्हणून आम्ही त्याला बोलावले. बाजारामागच्या बोळात आमच्या गोदामापुढे थोडा उतार आहे. गाडी उभी करून तो पोरगा सही घ्यायला आत आला. बाहेर आमच्या जुन्या हमालाने पहिली गाठ ओढली, त्या हिसक्याने गाडी सुटली. गाठी वाचाव्यात म्हणून त्या भल्या माणसाने चाकाला पाय लावला. चाक घोट्यावरून गेले. चार महिने तो घरी बसला. औषधपाणी आम्ही केले, पण त्याची मजुरी बुडाली आणि पुढे जड गाठ उचलणे त्याला जमलेच नाही.

नंतर आम्ही ती गाडी नीट पाहिली. हातब्रेकचा दांडा जागेवर होता. दांड्याला जोडलेली केबल मात्र नव्हती. रिक्षावाला म्हणाला, “चाचा, केबल तुटून वर्ष झालं. आम्ही वीट लावतो ना चाकाला.” वीट होती, पण ती गाठींच्या खाली दबलेली होती.

तेव्हापासून आम्ही रिक्षावाले, मिस्त्री आणि व्यापारी यांना एकच प्रश्न विचारत आलो आहोत. तीन चाकी गाडीला पायाचा ब्रेक आहे, मग हाताचा हवा की नको? उत्तरे निरनिराळी मिळाली. त्यातली काही विचार करण्यासारखी आहेत, म्हणून ती वाचकांपुढे ठेवतो.

रिक्षावाल्यांचे म्हणणे असे की, पायाचा ब्रेक तिन्ही चाकांना लागतो. त्याच्याहून चांगला ब्रेक कोणता? हाताचा ब्रेक नुसता गंजतो. चुकून ओढलेला राहिला तर लायनर जळतात आणि गाडी ओढत नाही. उभी करायची तर गिअरमध्ये टाकावी, इंजिन गाडीला धरून ठेवते.

यातले पहिले म्हणणे खरे आहे, पण अर्धे. चालत्या गाडीला थांबवण्याचे काम पायाच्या ब्रेकचेच. पण तो ब्रेक चालतो तेलावर आणि दाबणाऱ्याच्या पायावर. पाय पेडलवरून उचलला की ब्रेक सुटला. ड्रायव्हर खाली उतरला की गाडीला धरणारे कोणी उरत नाही. शिवाय ब्रेकचे तेल हवेतले पाणी ओढून घेते. जुने तेल घाटात तापले की त्यात वाफ धरते, पेडल थेट खाली जाते आणि ब्रेक लागत नाही. नळी फुटली किंवा सिलिंडर गळू लागला तरी तेच. हातब्रेकला तेल लागत नाही. तो केबलने मागच्या चाकांना लागतो. एक वाट बंद पडली तर दुसरी उघडी राहावी, एवढाच त्याचा अर्थ. आम्ही दुकानाला शटर असूनही कुलूप लावतो, ते काही शटरवर अविश्वास आहे म्हणून नव्हे.

गिअरमध्ये गाडी उभी करण्याची युक्ती जुन्या गाड्यांत बरीच चालून गेली. पण आता विजेवर चालणाऱ्या तीन चाकी गाड्या गल्लीगल्लीत आल्या आहेत. त्यांत पेट्रोलचे इंजिन नाही आणि चाके अडवून धरणारा गिअरही नाही. चावी काढली की अशी गाडी हातगाडीसारखी मोकळी. म्हणजे जुन्या गाडीत हातब्रेकची जेवढी गरज होती, त्याहून जास्त गरज नव्या गाडीत आहे. कायद्याने ई-रिक्षाला ताशी २५ किलोमीटरची मर्यादा घातली आहे आणि मालाच्या ई-कार्टला ३१० किलो मालाची. वेग कमी म्हणून धोका नाही असे पुष्कळांना वाटते. पण उभी गाडी सुटते तेव्हा तिचा वेग शून्यच असतो!

साधा हिशेब करून पाहू. दहा फुटांत एक फूट असा उतार असेल आणि गाडी मालासकट सहाशे किलोची असेल, तर उतार तिला सुमारे साठ किलोच्या जोराने खाली ओढतो. एवढा जोर एखादी वीट किंवा दगड नीट बसला तर धरेल, सरकला तर सोडून देईल. माणसाने पाय लावून तो जोर कसा धरावा?

मिस्त्री मंडळींनी दुसरा मुद्दा सांगितला आणि तो आम्हाला पटला. काही लोक मोटारसायकलचे पुढचे धड घेतात, मागचे चाक काढून तिथे दोन चाकी हातगाडी जोडतात आणि भाजी, भंगार, कापड वाहतात. अशा गाडीला पुढच्या चाकाचा हाताचा ब्रेक असतोच. मग हातब्रेक आहे असे का म्हणू नये? मिस्त्री म्हणाले, “शेठ, तोच तर घात करतो.” तीन चाकी गाडीत पुढे एकच चाक. वळणावर हँडल वळवलेले असताना पुढचा ब्रेक जोरात दाबला की मागचा सगळा भार पुढे आणि बाजूला येतो. पुढचे चाक घसरते, नाहीतर गाडी कलंडते. दुचाकी चालवणारा माणूस तोल सांभाळायला अंग झुकवतो. तीन चाकी गाडी झुकत नाही. म्हणून सवयीने पुढचा ब्रेक दाबणारा दुचाकीस्वार तीन चाकीवर बसला की फसतो. तेव्हा हातब्रेक म्हणताना आमच्या मनात पुढच्या चाकाचा लिव्हर नाही. मागच्या दोन्ही चाकांना सारखा लागणारा, दांत्यात अडकून राहणारा आणि हात काढला तरी न सुटणारा ब्रेक आम्हाला अभिप्रेत आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १२६ उभ्या गाडीबद्दल आहे. सीटवर परवानाधारक ड्रायव्हर नसेल, तर इंजिन बंद करून ब्रेक लावल्याशिवाय, किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी तजवीज केल्याशिवाय, ती सार्वजनिक जागी उभी ठेवता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ९६ दोन स्वतंत्र आणि चांगल्या चालणाऱ्या ब्रेक यंत्रणा मागतो. एक पायाने गाडी थांबवणारी, दुसरी उभी गाडी धरून ठेवणारी. मोटारसायकल आणि अपंगांची तीन चाकी गाडी यांचा विचार त्यात वेगळा केला आहे. ज्या बांधवाचा पाय चालत नाही त्याला पायाच्या ब्रेकची सक्ती कशी करणार? त्याचा सगळा भरवसा हातावर, म्हणून त्याच्या गाडीचा हाताचा ब्रेक तर अधिकच चोख हवा.

जोडगाडीवाले म्हणतात, आमची मोटारसायकलच आहे. पण त्याच कायद्यात मोटारसायकल म्हणजे दोन चाकी गाडी. फार तर तिला सुटी करता येणारी साइडकार जोडलेली चालेल. मागचे चाक काढून हातगाडी वेल्ड केली की ती मोटारसायकल राहत नाही. कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या रचनेत मालकाला मनमानी बदल करता येत नाही. जुगाड गाड्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. अशी गाडी मोटार वाहनच आहे, तिला कायदा लागू आहे, असे न्यायालयाने २०१३ साली सांगितले. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही. विमा नाही म्हणजे अपघातात सापडलेल्या गरिबाने भरपाई मागायची कोणाकडे? गाडीवाल्याकडे असते काय की तो देईल?

हे सारे नगरच्या माणसाने बोलावे यालाही कारण आहे. ऑटोरिक्षाची कल्पना या देशात रुजवणारे नवलमल फिरोदिया हे आपल्या नगरच्या घराण्यातले. त्यांच्या बजाज टेम्पोने १९५८ पासून जर्मन बनावटीचा तीन चाकी टेम्पो भारतात आणला आणि मालवाहू गाडीला ‘टेम्पो’ हे नावच पडून गेले. लुना तर नगरच्याच कारखान्यात तयार झाली. शहराला लागून वाहननगरला संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, व्हीआरडीई, आहे. नव्या गाडीचे मॉडेल विक्रीला येण्याआधी ज्या संस्थांकडून तपासून घ्यावे लागते, त्यांत पुण्याच्या एआरएआयबरोबर तिचेही नाव नियम १२६ मध्ये आहे. म्हणजे गाडीचा ब्रेक तपासण्याची विद्या आपल्या वेशीवर आहे, आणि वेशीच्या आत आम्ही चाकाला वीट लावतो!

कारखान्यातून निघणाऱ्या रिक्षाला हातब्रेक असतो. दोष पुढे सुरू होतो. केबल सैल पडते, मग तुटते आणि ती कोणी बदलत नाही, कारण तिच्यावाचून धंदा अडत नाही. पासिंगच्या आधी बसवायची आणि नंतर विसरायची, अशीही रीत काहींनी आम्हाला हसत हसत सांगितली. दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस किंवा दोन्ही चाकांना एकत्र लागणारा ब्रेक सरकारने सक्तीचा केला, हे चांगले झाले. पण नवा नियम करण्याआधी जुना पाळला जातो की नाही हेही पाहिले पाहिजे. पासिंगच्या वेळी तीन चाकी गाडी भारासह उतारावर उभी करून हातब्रेक पाहावा, अशी आमची मागणी आहे. यात एका मिनिटाहून जास्त वेळ जाणार नाही.

आता एक कडू गोष्ट. रिक्षावाल्याला बोल लावणे सोपे आहे. त्याचा हप्ता असतो, मुलांची फी असते. दिवसाला चार फेऱ्या मिळाल्या तर घर चालते. केबलवर खर्च करायला त्याचा हात आखडतो, कारण आम्ही भाडे ठरवताना त्याच्याशी पाच-दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो. आम्ही कधी विचारले काय की बाबा, तुझा ब्रेक ठीक आहे ना? आम्ही फक्त विचारले, कितीला नेतोस? तो पन्नास रुपये कमी घेत होता ते कुठून कमी करत होता, हे आम्हाला त्या दिवशी कळले. आमच्या हमालाच्या घोट्याचा हिशेब त्या पन्नास रुपयांत होता.

म्हणून आम्ही आमच्या पेढीपुरता नियम केला आहे. गाडी दारात आली की आधी ती उतारावर उभी करून हातब्रेक ओढायला सांगायचा. धरली तर माल चढेल-उतरेल, सरकली तर गाडी परत. चाकाला लाकडी ओट लावायची ती हातब्रेकच्या जोडीला, त्याच्या बदल्यात नव्हे. आणि असे दोन लाकडी ठोकळे आम्ही गोदामाच्या दाराशीच ठेवले आहेत. ज्या दोन रिक्षावाल्यांकडे केबल नव्हती त्यांना आम्ही पैसे आगाऊ दिले आणि भाड्यातून हप्त्याने वळते केले. एका चांगल्या ताग्याच्या किमतीपेक्षा तो खर्च कमी झाला. हे उपकार नव्हेत, धंद्याचाच खर्च आहे.

काही व्यापारी मित्र हसले. म्हणाले, “तुमच्या एकट्याच्या नियमाने काय होणार? रिक्षावाला दुसऱ्या दुकानी जाईल.” बरोबर आहे. म्हणूनच हे जाहीरपणे लिहीत आहोत. कापड बाजार, आडते बाजार आणि मार्केट यार्ड येथील संघटनांनी ठरवले की हातब्रेक नसलेल्या तीन चाकीत माल भरायचा नाही, तर महिन्याभरात सगळ्या केबल जागेवर येतील. पाथर्डी-शेवगावकडच्या आठवडी बाजाराला कपडा घेऊन करंजी घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या लहान व्यापाऱ्यांना तर याची सर्वांत जास्त गरज आहे. घाटात गाडी बंद पडली आणि मागून ट्रक येत असेल, तर दगड शोधायला वेळ नसतो.

तेव्हा पायाचा ब्रेक की हाताचा, हा वादच चुकीचा आहे. पायाचा ब्रेक ड्रायव्हरसाठी आहे. हाताचा ब्रेक गाडीच्या मागे उभ्या असलेल्या माणसासाठी आहे, आणि तो माणूस बहुतेक वेळा आमचा हमाल असतो. तो आजही आमच्याकडेच आहे. गाठी उचलत नाही, बिल्ट्या तपासतो. गाडी आली की सर्वांत आधी तोच विचारतो, “हँडब्रेक ओढला का?” आम्ही त्याच्या आधी विचारायला हवे होते.