दारचा हत्ती आणि कागदावरचा आकडा

सहाशेहून अधिक अश्वशक्तीची, वजनाने पावणेतीन टनांच्या घरात जाणारी मोटार एका लिटर पेट्रोलमध्ये साठाहून अधिक किलोमीटर जाते, असे कोणी येऊन सांगितले असते तर आपल्या आजोबांनी त्या गृहस्थाला आधी खाली बसवून पाणी दिले असते. आज अशी गोष्ट छापील कागदावर येते, आणि छापलेले ते खरे मानण्याची आपली जुनी खोड असल्यामुळे आपण मान डोलावतो. बडोद्यातल्या ऐपतदार मंडळींच्या बोलण्यात ‘प्लग-इन हायब्रिड’ हे नाव हल्ली येऊ लागले आहे. तेव्हा या आकड्याचा एकदा नीट हिशेब मांडावा, एवढ्याचसाठी हा लेख.

मी गाणे शिकवणारा माणूस. वडील संस्थानच्या अखेरच्या वर्षांत, अगदी पोरवयात, दरबारच्या कलावंत कारखान्यात लागले. मी त्यांच्या उतारवयातला. या माणसाला मोटारीतले काय कळणार, असे कोणी म्हणेल. पण मात्रा मोजणे हा आमच्या घरचा व्यवसाय आहे, आणि या प्रकरणातली खोट यंत्रात नसून मोजणीत आहे.

प्लग-इन हायब्रिड म्हणजे एका अंगात दोन मोटारी. एक विजेवर चालणारी. तिची बॅटरी घरच्या जोडणीवर चार्ज करायची. दुसरी नेहमीची पेट्रोलची. उदाहरणादाखल बीएमडब्ल्यू एक्सएम ही गाडी घेऊ. डिसेंबर २०२२ मध्ये ती भारतात आली तेव्हा तिची किंमत २ कोटी ६० लाख रुपये होती. तिच्यात ४.४ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन, आणि जोडीला विजेची मोटर. युरोपातल्या अधिकृत चाचणीत तिचा खप १०० किलोमीटरला १.५ ते १.६ लिटर असा जाहीर झाला, म्हणजे लिटरला ६२ ते ६६ किलोमीटर. पुष्कळ स्कूटरींनाही हे जमत नाही. आणि याच गाडीची बॅटरी उतरल्यावर अमेरिकन सरकारच्या पर्यावरण खात्याने जो आकडा दिला, तो गॅलनला १४ मैल. आपल्या भाषेत लिटरला अवघे ६ किलोमीटर.

एकच गाडी, एक आकडा ६२ आणि दुसरा ६! यात खोटे कोणीच बोललेले नाही, हीच खरी मौज. युरोपच्या पद्धतीत गाडी एकदा भरलेल्या बॅटरीवर चालवतात, एकदा उतरलेल्या बॅटरीवर. आणि मग मालक एकूण प्रवासापैकी किती भाग विजेवर करील याचा एक अंदाज धरून दोन्हींची सरासरी काढतात. बॅटरीचा पल्ला मोठा असला की हा अंदाज ऐंशी टक्क्यांच्याही वर जात असे. म्हणजे कागदावरचा मालक रोज रात्री न चुकता गाडी विजेला लावतो, आणि क्वचितच दूरच्या गावी जातो. असा आज्ञाधारक शिष्य मला इतक्या वर्षांत एखाददुसराच मिळाला.

युरोपीय आयोगाने गाड्यांतच बसवलेल्या मापकांची नोंद जमवून मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला, तेव्हा प्लग-इन हायब्रिड गाड्यांचे प्रत्यक्ष उत्सर्जन चाचणीतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाले. त्याआधी २०२२ मध्ये झालेल्या एका अभ्यासात असे दिसले होते की खासगी मालक आपल्या प्रवासाचा ४५ ते ४९ टक्के भाग विजेवर करतात, आणि कंपनीने दिलेल्या गाड्यांत हेच प्रमाण ११ ते १५ टक्के आहे. याचे कारण उघड आहे. पेट्रोलचे बिल कंपनी भरते आणि घरच्या विजेचे बिल घरधनी. मग तार कोण लावतो? युरोपाने २०२५ पासून टप्प्याटप्प्याने आपला हा अंदाज कडक करायला घेतला, तो याच अनुभवावरून.

आता आपल्या गावचा हिशेब करू. वीज आठ रुपये युनिट आणि पेट्रोल शंभर रुपये लिटर धरू. अमेरिकेतल्या मापनाप्रमाणे एका चार्जवर गाडी सुमारे ५० किलोमीटर जाते असे मानू. गळती धरून बॅटरी भरायला तीसएक युनिटे लागतील. म्हणजे २४० रुपये, किलोमीटरला पाच रुपयांच्या आत. पेट्रोलवर तोच किलोमीटर सुमारे सतरा रुपयांना पडतो. अलकापुरीतून कारखान्यात आणि कारखान्यातून घरी असा रोजचा ४० किलोमीटरांचा फेरा असेल, तर पेट्रोलचा थेंबही न जाळता दिवस निभावेल. येथे गाडी ६२ च काय, त्याहूनही सरस ठरते, आणि तिचे हे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. पण पावागडाला निघालात तर पायथ्याशी पोहोचेपर्यंत बॅटरी सरत येईल. परतीचा सारा प्रवास पेट्रोलवर. अहमदाबादला जाऊन आलात, म्हणजे सुमारे २२० किलोमीटर, तर लिटरला आठाच्याही आत. मुंबई गाठली तर जेमतेम सात.

तात्पर्य, या गाडीला स्वतःचा असा आकडा नाहीच. आकडा मालकाच्या सवयीचा आहे. आमच्याकडे याला रियाज म्हणतात. उत्तम तंबोरा घरात आहे म्हणून कोणी सुरेल होत नाही. तो रोज खुंटीवरून खाली यावा लागतो. दांडिया बाजारच्या गल्लीत ज्याचे मीटर आत आणि गाडी चार घरे पलीकडे, किंवा ज्याची गाडी ड्रायव्हरच्या हाती आणि तार लावण्याची आठवण कोणाच्याच हाती नाही, त्याने ही गाडी घेणे म्हणजे न वाजणाऱ्या वाद्याचे ओझे वाहणे. ओझेही थोडेथोडके नव्हे. उतरलेली बॅटरी पेट्रोल जाळूनच गावोगाव हिंडवायची.

आणि बचत तरी किती? महिन्याला हजार किलोमीटर सगळे विजेवर केले, तरी पेट्रोलच्या मानाने बारा हजार रुपये वाचतील. दोन कोटी साठ लाखांवर सालीना सात टक्के व्याज धरले तर महिन्याला दीड लाख होतात. विमा, टायर, दुरुस्ती आणि दर वर्षी घसरणारी किंमत यांचा हिशेब वेगळाच. बडोद्याच्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. ज्या हत्तीखान्यात आज धान्याचा घाऊक बाजार भरतो, त्याचे नावच सांगते की हत्ती विकत घेणे सोपे, पोसणे अवघड. ही गाडीही वजनाने एका हत्तिणीएवढी आहे.

कोणी शौक करू नये असे मला मुळीच म्हणायचे नाही. शौकीन नसते तर आमच्यासारख्यांची चूल पेटली नसती. सयाजीराव महाराजांच्या पदरी कलावंत होते. पण त्यांचा खर्च कलावंत खात्याच्या नावाने उघडपणे मांडलेला होता, काटकसरीच्या सदराखाली नव्हे. शौक हा शौक म्हणून करावा. त्याला काटकसरीचा आणि पर्यावरणसेवेचा मुलामा देऊ नये. माझा आक्षेप एवढाच आहे, आणि तो किरकोळ नाही. कारण अशा आकड्यांवरूनच उद्या सवलती मागितल्या जातात. आपल्याकडे निव्वळ विजेच्या मोटारीवर जीएसटी ५ टक्के आहे, आणि सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या हायब्रिड गाड्यांवर ४० टक्के. हा फरक मला योग्य वाटतो. जी गाडी विजेवर चालेलच अशी खात्री नाही, तिला विजेवरच चालणाऱ्या गाडीचा मान देऊ नये. ज्याला सवलत हवी असेल त्याने गाडीतल्या मापकाची वर्षाची नोंद दाखवावी. तार किती वेळा लावली ते त्यात कळतेच.

विक्रेत्यांकडे माझे मागणे साधे आहे. एका मोठ्या आकड्याऐवजी तीन आकडे शेजारी शेजारी छापा: भरलेल्या बॅटरीवर गाडी किती किलोमीटर जाते, तिला किती युनिटे लागतात, आणि बॅटरी उतरल्यावर लिटरला किती पडते. आणि घेणाऱ्याने सही करण्यापूर्वी घरात एक प्रश्न विचारावा: रोज रात्री तार कोण लावणार? त्या माणसाचे नाव ठरले असेल तर गाडी खुशाल घ्यावी. नाव ठरत नसेल, तर लिटरला सहा हाच आपला आकडा समजावा आणि त्या हिशेबाने थैली उघडावी.